चि. सरासरे यांचा सदरा

संपत गुरुजी आमच्या गावात आले ते एक्क्याऐंशी साली. जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कुणी "जिल्हा कोणता?" विचारलं की आमच्या तोंडून सवयीनं परभणी निघायचं आणि मग जीभ चावायची वेळ यायची. गुरुजी मात्र पहिल्या दिवसापासून पक्के. "जिल्हा जालना, तालुका परतूर, आष्टीपासून साडेसहा किलोमीटर." तो अर्धा किलोमीटर कुणीही विचारलेला नसायचा. पण गुरुजींच्या बोलण्यात असा अर्धा-पाव कायम असायचा.

एक पत्र्याची पेटी, एक सायकल आणि एक शिसवी फूटपट्टी, एवढंच घेऊन हा माणूस आला आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहिला. आल्या आल्या मोजायला लागला. शाळेपासून विहिरीपर्यंत पावलं मोजली. एस.टी. किती उशिरा येते ते वर्षभर लिहून ठेवलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही छडी खाऊन. मला या मोजण्याचं फार कौतुक वाटायचं. कौतुक म्हणजे करमणूक.

एकदा महिनाभर त्यांनी माझा चहा मोजला, मला न सांगता. मग एके दिवशी म्हणाले, "कारभारीदादा, तुम्ही दिवसाला तीन पूर्णांक चार दशांश कप चहा पिता. सरासरी."

"बरं मंग?"

मग काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. तीन कप झाले, चौथा आला तो निम्म्याहून कमी भरलेला. मी कपाकडे बघतो, गुरुजी माझ्याकडे बघतात.

"हे काय, गुरुजी? दूध संपलं का?"

"न्हाई, दादा. तुमची सरासरी पूर्ण झाली."

घरी येऊन सांगितलं तर आमच्या द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत बसल्या. म्हणाल्या, "आयुष्यात एक तरी दिवस तुम्ही अर्धा कप प्यालात का? एक तर दोन, न्हाई तर पाच. असा पॉइंटवाला माणूस मी तरी पाह्यला न्हाई." बाई शाळेत एक दिवससुद्धा गेलेली नाही. पण गुरुजींना जे कळायला पुढं वीस वर्षं लागली, ते ती त्या दिवशी भाकरी थापता थापता बोलून गेली. अर्थात तेव्हा ते मलाही कळलं नाही.

आता त्या भाषेचं सांगतो. गुरुजींचा भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात होता. दोन हजार एकच्या दिवाळीत त्यानं मामाला कागदांचा एक जाड गठ्ठा बांधून पाठवला. त्यात एक भाषा होती. लोजबान म्हणतात तिला. जगातल्या काही हुशार माणसांनी बसून, ठरवून, नवीकोरी बनवलेली. गुरुजी तिच्यात असे बुडाले की दोन दिवस सायकलीत हवा भरायची राहिली.

मी विचारलं, "कुठल्या देशात बोलतात ही?"

"कुठल्याच न्हाई."

"मंग कोण बोलतं?"

"आवड असणारे. जगभर पसरलेत. पत्रं लिहितात एकमेकांना."

"आणि भांडण झालं तर शिव्या कशात देतात?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "दादा, या भाषेत गोलमाल चालत न्हाई. प्रत्येक शब्दाला जागा ठरलेल्या. आता हे बघा, दोन शब्द. एक श्नानो, एक फाद्नी. श्नानो म्हंजे सरासरी. फाद्नी म्हंजे नेहमीचा, चारचौघांसारखा. आणि दोन्ही शब्दांबरोबर सांगावं लागतं, कशात? आणि कुणांमध्ये?"

"दोन्ही एकच की मंग."

"जवळजवळ एकच," गुरुजी म्हणाले.

हे 'जवळजवळ' लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण गुरुजींनीच ठेवलं नाही. त्यांनी वहीत दोघांसमोर एकच कंस काढला आणि पुढचं पान उलटलं. नंतर जालन्याला गेले तेव्हा इंटरनेटच्या दुकानात बसून त्या मंडळींना एक वाक्य पाठवून आले. सरावासाठी. वाक्याचा अर्थ असा की माझ्या शाळेत त्रेचाळीस मुलं आहेत आणि सगळी श्नानो आहेत.

याच सुमारास शाळेला कापड मिळालं. आष्टीचा एक व्यापारी, लहानपणी आमच्याच शाळेत शिकलेला. त्यानं पांढऱ्या टेरिकॉटचा अख्खा तागा आणून दिला आणि म्हणाला, सव्वीस जानेवारीला सगळी पोरं नव्या सदऱ्यात दिसली पाहिजेत. शाळा पहिली ते सातवी, शिक्षक दोन, मुलं-मुली मिळून त्रेचाळीस. सदरे शिवायचे कुणी?

शाळा समितीचे अध्यक्ष रखमाजीआबा. म्हणाले, "आष्टीच्या टेलरकडं टाका. नामी माणूस हाय."

गुरुजी म्हणाले, "गावात बेबीनंदा आहे की."

बेबीनंदा विहाराजवळ राहायची. माहेर शहागडचं. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला. तिनं मंठ्याला राहून शिवणकामाचा कोर्स केला होता आणि पायाची मशीन आणली होती. पण त्या मशीनवर वर्षभर उशांचे अभ्रे आणि परकरच शिवले जात होते. बायका ब्लाउज द्यायच्या, तेही जुने, उसवलेले. नवं कापड आलं की ज्याचं त्याचं आष्टीला. रखमाजीआबा त्यात पहिले.

समितीत बरीच ओढाताण झाली. शेवटी आबा म्हणाले, "ठीक हाय. देऊ तिला. पण कापड बिघडलं ना, तर मंग या गावातली चिंधीसुद्धा तिच्या मशीनवर जाणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो." बेबीनंदा दाराजवळ उभी होती. तिनं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "टेप घेऊन उद्या येते, आबा."

दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन आली, पण गुरुजींनी तिच्या आधीच मापं घेऊन ठेवली होती. त्रेचाळीस पोरांची छाती, उंची, बाही. चार पानं भरून आकडे. मग बेरीज केली, त्रेचाळीसनं भागलं आणि ताग्याशी ताळा पाहिला. कापड बरोबर पुरत होतं, वीतभर उरत होतं. गुरुजींचा चेहरा असा फुलला की जणू त्यांनीच ते कापड विणलं होतं.

इथपर्यंत सगळं बिनचूक होतं, हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पण गुरुजी तिथं थांबले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक मुलगा काढला. छाती सत्तावीस इंच, सदऱ्याची लांबी एकवीस, बाही अमुक. "हा आपला सरासरी विद्यार्थी." पोरांनी दुपारपर्यंत त्याचं नाव ठेवलं, चि. सरासरे. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्रेचाळीस नावं संपल्यावर मागून आवाज आला, "सरासरे?" आणि सगळा वर्ग ओरडला, "हजर, गुरुजी!" गुरुजी रागावले नाहीत, उलट खूश झाले. म्हणाले, "बेबीताई, हे माप घ्या. कापड बारा पदरी घाला आणि एकदाच कापा. सगळे सदरे एका मापाचे. काम जल्दी होईल."

बेबीनंदानं फळ्याकडं पाहिलं, मग पोरांकडं. "गुरुजी, ही पहिलीतली चांगुणा पाह्यली का? आणि हा सातवीतला वसंता? त्याच्या एका बाहीत ही अख्खी बसंल."

"म्हणून तर सरासरी काढली. एक कमी, एक जास्त, मधी बराबर."

"एक सदरा आधी शिवून कुणाच्या अंगावर घालून बघते."

"वेळ कुठंय? आणि मी बेरीज तीनदा तपासलीय."

तिनं फळ्यावरचं माप चिठ्ठीवर उतरवून घेतलं. नंतर तिनं मला सांगितलं, "मामा, मला दिसून राह्यलं होतं. पण मी वाद घातला असता तर आबा म्हणले असते, हिला जमत न्हाई म्हणून फाटे फोडती. कापड आष्टीला गेलं असतं." शाळेच्या ओट्यावर कापड अंथरलं आणि तिनं कात्री चालवली. कात्री चालताना तिचा चेहरा मी बघत होतो. आंघोळीचं पाणी फार गरम आहे हे माहीत असून ओतून घेतल्यासारखा.

गावात बातमी पसरली. काहींना ते फार हुशारीचं वाटलं. रखमाजीआबाही म्हणाले, "पोरं काय, वाढतातच. लहान्यांना पुढल्या वर्षी बसंल."

आमच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "हौ ना. आणि मोठ्यांना मागल्या वर्षी बसलं असतं."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला डोळे दाखवायला जालन्याला जायचं होतं. गुरुजी सोबत आले. परतूरपर्यंत जीप, पुढं एस.टी. माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुरकट. तसंच मला धरून ते बसस्टँडसमोरच्या माडीवर घेऊन गेले. तिथं चार कॉम्प्युटर आणि एक पंखा. गुरुजी एका बोटानं टाइप करायचे, कोंबडी दाणा टिपते तसं. मी बाजूला बसलो. बराच वेळ टिपण्याचा आवाज आला आणि मग एकदम थांबला.

"काय झालं? लाइट गेली?"

"उत्तर आलंय, दादा."

"काय म्हणतात भाऊबंद?"

गुरुजींनी हळूहळू मराठीत सांगितलं. तिकडच्या एका गृहस्थांनी फार गोड शब्दांत लिहिलं होतं. तुमचं वाक्य छान आहे, पण मूल श्नानो असू शकत नाही. श्नानो हा आकडा असतो. उंचीचा, वजनाचा, कशाचाही. तो कुणाच्याच अंगाचा नसला तरी चालतो. मूल असतं ते फाद्नी. ते त्या घोळक्यातलंच एक असतं, खरं, हाडामासाचं. तुम्हाला काय म्हणायचंय? तुमची मुलं आकडे आहेत, की चारचौघांसारखी मुलं आहेत?

मी म्हटलं, "बराबर विचारलंय की माणसानं."

जिन्यावरून उतरताना गुरुजी मला धरायचं विसरले आणि मी दोन पायऱ्या अंदाजानं उतरलो. बस बदनापूरहून आली होती, खचाखच. तीन-चार गावं मागं पडल्यावर गुरुजी म्हणाले, "दादा, सरासरी माणूस नसतो."

"मंग काय असतो?"

"आकडा असतो. आकड्याला सदरा लागत न्हाई."

"हे सांगायला परदेशातून कागद यायला लागला? बेबीनंदानं ओट्यावर फुकट सांगितलं होतं."

"तिनं सांगितलं, पण मी ऐकलं न्हाई," गुरुजी म्हणाले. असं सरळ कबूल करणारा मास्तर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी पुढं चिडवायचं ठरवलं होतं, ते परतूर येईपर्यंत लांबणीवर टाकलं.

गावात पोचलो आणि थेट बेबीनंदाच्या घरी गेलो. मशीनशेजारी घड्या घातलेले सदरे, एकावर एक. त्रेचाळीस. कालच शेवटचं बटण लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या पोरांना सदरे घातले. आता काय सांगू! चांगुणाचा सदरा गुडघ्यापर्यंत आला, हात दिसेचनात. ती दोन्ही बाह्या हलवत वर्गात फिरायला लागली. वसंतानं श्वास घेतला आणि वरची दोन बटणं उडून दुसरीतल्या पोरांत पडली. त्याच्या पोटाचा चार बोटांचा पट्टा उघडा राहिला. पहिली-दुसरीचा वर्ग भजनी मंडळ दिसत होता आणि सातवीचा वर्ग कुणीतरी धुऊन आटवल्यासारखा. चौथीतल्या तिघांना तेवढं जेमतेम चाललं. गुरुजी प्रत्येकाला बघत पुढं पुढं जात होते. शेवटच्या पोरापर्यंत गेले आणि परत फळ्याकडं बघितलं. तिथं चि. सरासरे ऐटीत उभे होते. एकट्या त्यांनाच सगळं बसत होतं.

रखमाजीआबा दारात आले. बघितलं. "म्हंजे हे असं. एक तागा मातीत."

गुरुजी म्हणाले, "आबा, चूक माझी हाय. माप मी दिलं."

"माप कुणी का दिलं आसंना, कात्री कुणी चालवली? ती टेलर ना? टेलरला दिसत न्हाई का? मी सांगितलं होतं काय होईल ते." आबा बोलले ते बेबीनंदाकडं न बघता. सव्वीस जानेवारीला अकरा दिवस राहिले होते.

बेबीनंदानं चांगुणाला जवळ घेतलं, सदऱ्याचा लोंबता भाग चिमटीत धरला, किती जास्तीचा आहे ते पाहिलं. मग वसंताला बोलावलं, त्याच्या पोटावर वीत ठेवली. पुन्हा चांगुणाचा घेर धरला. दोघांना शेजारी उभं केलं. असं तिनं पाच-सहा जोड्यांचं केलं, एक लहान, एक मोठा. सगळे बघत होते, कुणाला काही समजेना.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमची बेरीज खरी हाय ना?"

"तीनदा तपासलीय," गुरुजी म्हणाले, पण आता घाबरत.

"मंग कापड कुठं गेलेलं न्हाई. सगळं इथंच हाय. फक्त चुकीच्या अंगावर हाय."

गुरुजींचं तोंड उघडं राहिलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी कुणाला तरी हिशोब सुटला होता. लहानांचे सदरे कापून लहान करायचे. खालून, बाजूनं, बाहीतून जे निघेल ते मोठ्यांना जोडायचं. जेवढं इथून निघेल, तेवढंच तिथं लागणार. सरासरी काढलीच होती तशी.

"पण जोड दिसंल की," आबा म्हणाले.

"खालचा जोड चड्डीत जाईल, आबा. बाहीला पट्टी लावीन, ती फॅशन वाटंल. बगलेखाली कळी घालीन, म्हंजे तिकोनी तुकडा. हात वर केल्याशिवाय दिसणार न्हाई." मग ती जरा थांबली. "आता माप मी घेणार. एकेकाचं. गुरुजींनी लिहायचं. फक्त लिहायचं."

ते अकरा दिवस फार मजेचे गेले. शाळा सुटली की पोरं रांगेत, बेबीनंदा टेप लावायची आणि आकडा सांगायची, गुरुजी लिहायचे. सवय जाते कुठं? तिसऱ्या पोरानंतर त्यांनी समासात बारीक अक्षरात बेरीज सुरू केली. बेबीनंदानं नुसतं वळून पाहिलं. गुरुजींनी रबर घेतलं. द्वारकाबाई आणि आणखी दोघी-तिघी कापूस वेचून आल्या की उसवायला बसायच्या. उसवताना गुरुजींचा उद्धार करायच्या आणि गुरुजी समोरच बसलेले असायचे. "ह्या सदऱ्याला एक बाही जास्त आली तर चहाच्या कपाला जोडा, गुरुजी," असं एकजण म्हणाली. म्हणजे चहाची गोष्ट गावभर झालेली होती. कशी झाली ते मला माहीत नाही. मी फक्त पाच-सहा जणांना सांगितली होती.

शेवटी सगळं जोडून झाल्यावर खरंच वीतभर कापड उरलं. तेवढंच, जेवढं गुरुजींच्या वहीत आधी लिहिलेलं होतं. गुरुजींनी ते हातात धरून सगळ्यांना दाखवलं. त्या तुकड्याचं फळ्याचं फडकं झालं. त्यानंच गुरुजींनी चि. सरासरे पुसले. गावाच्या कापडातलं तेवढंच काय ते त्यांच्या अंगाला लागलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी थंडी होती. पोरं रांगेत उभी राहिली, त्रेचाळीस, प्रत्येकाचा सदरा प्रत्येकाला. गुरुजींनी एकच काळजी घेतली. कवायतीत हात वर करायचा प्रकार त्या वर्षी गाळला. दोन्ही हात समोर, दोन्ही हात बाजूला, बस. झेंड्याला सलामी देताना वसंताच्या बगलेतली कळी दिसली असेल तर ती फक्त मला आणि बेबीनंदाला. आम्ही शोधत होतो म्हणून. केंद्रप्रमुख आले होते. त्यांनी बाहीची पट्टी बोटानं चाचपली आणि म्हणाले, "छान दिसतंय. कुठल्या टेलरचं काम?"

गुरुजींनी आबांकडं पाहिलं, म्हणजे मान तुम्ही घ्या, सांगा तुम्हीच. आबांनी घसा साफ केला. "गावातलीच हाय," म्हणाले. "बेबीनंदा."

एवढंच बोलले. वर काही नाही. मला वाटलं, झालं, एवढ्यावरच मिटलं. गावातला माणूस चूक झाली असं कधी म्हणत नाही, गुरुजी सोडून, आणि गुरुजी बाहेरगावचे.

पण फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी मी विहाराकडून येत होतो. बेबीनंदाच्या ओट्यावर रखमाजीआबा उभे. बगलेत कागदात बांधलेलं नवं कापड. आत मशीनवर आणखी दोन घरांची गाठोडी आलेली दिसत होती. मला बघून आबा म्हणाले, "नातवाच्या बारशाला एक शर्ट लागतोय. आष्टीला जायला वेळ न्हाई."

"हौ ना," मी म्हटलं, "आष्टी केवढी लांब. साडेसहा किलोमीटर."

आबांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. बेबीनंदा टेप घेऊन बाहेर आली. आधी खांदे मोजले, मग छाती. टेप पोटाशी गेली तसे आबा ताठ झाले, छाती फुगवली, पोट आत ओढलं आणि आढ्याकडं बघत उभे राहिले. बेबीनंदानं टेप सैल धरली आणि तशीच थांबली. आबा लाल व्हायला लागले.

"सोडा, आबा," ती म्हणाली. "मला काही घाई न्हाई."